चुडा कापायचा चाकू

तांड्यात येऊन कोणी खेमसिंगचं घर विचारलं, तर पोरं आधी उलटं विचारत, "बाज विणनारा का?" आडनावाची गरज पडत नसे. दारव्ह्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांत निम्मी माणसं ह्या एका माणसाच्या दोरीवर पाठ टाकून झोपत. मुलीला लग्नात द्यायची नवी बाज असो, नाहीतर खोकणाऱ्या म्हाताऱ्याची झोळ पडलेली जुनी. खेमसिंग यायचा, अंगणात चौकट आडवी टाकायचा, दोरीचा गुंडा मांडीत घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून चार शब्द काढायचा. त्यातले दोन चहासाठी.

त्याच्या खिशात एक घडीचा चाकू असे. बोटभर पातीचा, लाकडी मुठीचा, मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ. मुलगा संजय जन्मला त्या वर्षी आठवडी बाजारातून आणलेला. आता संजयच्या डोक्यावरचे केस विरळ झाले आणि चाकूची पाती धार लावून लावून निम्मी झाली. दोरी त्यानंच कापायची, कांदा त्यानंच, बकरीच्या खुरात अडकलेला खडा त्यानंच काढायचा, आणि कोणी बघत नसेल तर दातही त्यानंच कोरायचे. रामीबाई, म्हणजे खेमसिंगची बायको, म्हणायची, "यायचं लगन त्या चाकूसंगच लागलं. मले त निस्तं वरातीत आनलं."

रामीबाई तांड्यातली शेवटची. म्हणजे जुना पोशाख अंगावर ठेवणारी शेवटची. आरशांची कांचळी म्हणजे चोळी, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, केसांत चांदीची घुगरी, आणि दोन्ही दंडांवर चुडा. तिच्या वयाच्या बाकीच्या बाया केव्हाच साडीत गेल्या होत्या. सून जया हिच्या हातात काचेच्या दोन बांगड्या आणि एक मोबाईल, एवढाच काय तो दागिना.

चुडा म्हणजे कोपराच्या वर खांद्यापर्यंत एकावर एक चढवलेल्या पांढऱ्या बलिया. एका दंडावर नऊ. खालची लहान, वर जाता जाता मोठी. लग्नाच्या दिवशी तेल लावून, दोन बायांनी हात आवळून धरून त्या चढवल्या त्या चढवल्या. खालच्या सहा साध्या, बाजारच्या प्लॅस्टिकच्या. वरच्या तीन शिंगाच्या, आजेसासूच्या. आजेसासू नवऱ्याच्या आधी गेली, सवाशीण गेली, म्हणून तिच्या बलियांना मान. नवरा आहे तोवर चुडा उतरत नाही. नवरा गेला, की तांड्यातली दुसरी विधवा बाई येते आणि तो फोडून उतरवते. त्यामुळे उघडा दंड दिसला की कोणाला काही विचारावं लागत नाही.

आणि हाच चुडा रामीबाईच्या जिवावर उठला.

छातीत गाठ होती. वर्षभर तिनं ती कांचळीखाली लपवली. आरसे एवढे चमकत, की आत काय आहे ते बघायला कोणाची नजरच थांबत नसे. समजलं तेव्हा यवतमाळला नेऊन ती कापून काढली. ते माघात. जेठात डावा हात सुजायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग दंड. बलिया मांसात रुतू लागल्या. दोन बलियांच्या मधलं मांस भजीच्या पिठासारखं वर यायचं. ती हात पदराखाली घेऊन बसायची आणि कोणी विचारलं तर सांगायची, "मच्छर चावला."

आषाढात संजयनं तिला आपल्या जीपमध्ये घातलं आणि पुन्हा यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. संजय दारव्हा-यवतमाळ सवारीची जीप चालवायचा. खेमसिंग मागे बसला. तिथली डॉक्टरीण वयानं नातीएवढी. तिनं हात दाबून पाहिला, बोट रुतलं तिथं खड्डा तसाच राहिला.

"आजी, हे पाणी आहे. त्याला वर जायला वाटच नाही," ती म्हणाली. "ह्या आज काढाव्या लागतील. कातडी फाटली तर आत पू होईल, मग हात वाचवणं कठीण. हातच काय, तुम्हीही."

दवाखान्यातला एक माणूस मोठी पक्कड घेऊन आला. बिचारा भला होता. म्हणाला, "दोन मिनिटांचं काम हाये, मावशी. कटकट कटकट, झालं."

रामीबाई स्टुलावरून उतरली. तिनं घुगरी सावरली, पदर सावरला आणि पक्कडवाल्याला विचारलं, "मांगं कोन उभं हाये?"

"तुमचे मालक."

"जित्ते हायेत ना?"

"हायेत ना."

"मंग ठेव थे पक्कड."

आणि चालत बाहेर जाऊन ती जीपमध्ये बसली. खेमसिंग तिच्यामागे गेला. डॉक्टरीण संजयला काय काय सांगत राहिली ते संजयनं एकट्यानं ऐकलं.

परतीच्या वाटेत एक प्रवासी मध्येच चढला आणि सोयाबीनबद्दल बोलायला लागला. मग त्यालाही कळलं, तो बाहेरची शेतं बघत बसला.

घरी आल्यावर लालीबाईला बोलावलं. लालीबाई खेमसिंगची थोरली भावजय, सहा-सात वर्षांपूर्वी नवरा गेलेला, दोन्ही दंड उघडे. चुडा उतरवायचा तर तांड्यात तिलाच बोलावत. ती आली, हात पाहिला, तोंडाला पदर लावला, आणि मग पदर काढून सरळ बोलली.

"म्या हात लावनार नाई, खेमा. तीन बायांचा उतरवला म्या. तिन्ही बारीले नवरा पयले गेलता. जित्त्याच्या बायकोचा उतरवनं मले कोनी शिकवलं नाई."

"बडी याडी, डॉक्टर म्हनते..." संजय आपल्या मोठ्या आईला म्हणाला.

"डॉक्टर म्हनते थे खरं हाये. पन माह्या हातानं उतरला आन चार दिवसांत तुह्या बाले काई झालं, त तू माह्याकडे कोन्या नजरेनं पायशीन?"

शेवटी रामीबाईनंच तोड काढली. तिनं आयुष्यभर घरातल्या तोडी अशाच काढल्या होत्या. देवाचा नियम असो की सासूचा, त्यात तिला दाराएवढी फट दिसायची.

"अजी," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी कापा. फोडाचं नाई, कापाचं. बाई फोडते तवा थो उतरला. नवऱ्यानं कापला त थो उतरला नाई, त्यानं ठेवाले घेतला. तुकडे सांभाळून ठेवजा. मी तुमच्या आंदी गेली त माह्या हातात घालजा."

लालीबाईनं थोडा विचार केला. "असं कोनी केलं नाई," ती म्हणाली.

"मंग असं करू नोको, असं बी कोनी म्हटलं नसन."

"पन येक," रामीबाई पुढे म्हणाली आणि आता ती थट्टा करत नव्हती. "फुटाचा आवाज नाई आला पायजे. येक जरी फुटल्याचा आवाज आला, त मी हात वढून घेईन. मंग सडला त सडला."

खेमसिंगनं खिशातून चाकू काढला आणि खालच्या बलीवर चालवून पाहिला. पाती गुळगुळीत बलीवरून घसरली आणि रामीबाईच्या दंडाला लागली. रक्त कमी आलं, पाणी जास्त आलं. ते पाहून जया उठून आत गेली.

धारेचं काम नव्हतं ते, आरीचं होतं. दुसऱ्या दिवशी संजयनं लोखंड कापायच्या आरीचं एक पान आणलं आणि म्हणाला, "बा, याले येका टोकाले फडकं गुंडाळ आन काप. आजच करून टाक."

"निस्तं पान वाकते," खेमसिंग म्हणाला. "घसरलं त तिचा हात फाटन."

हे खरं होतं. रामीबाईचंही म्हणणं पडलं, की परकं लोखंड नको, तुमचाच चाकू पाहिजे. तेही खरं. खेमसिंगनं चाकूची मूठ अंगणातल्या दगडावर ठेवली, खिळ्याचं टोक टेकवून हातोडीनं मधली जुनी खीळ ठोकून काढली, आणि इतक्या वर्षांची पाती मुठीतून बाहेर आली. तिच्या बुडाला काळा मळ साचला होता. कांदा, तंबाखू, दोरीचा भुसा, सगळा संसार. त्यानं ती पुसून कोनाड्यात ठेवली.

आरीचं पान त्यानं दाराच्या फटीत दाबून मोडलं. एका टोकाला भोक आयतंच होतं. पान पातळ आणि मुठीची खाच रुंद, म्हणून पान आत हलायचं. तर त्यानं तेलाच्या पिप्याच्या पत्र्यातून दोन चकत्या कापल्या आणि दोन्ही बाजूंनी बसवल्या. त्या खिळीच्या जागी खिळा घेतला, तो ठोकून दोन्हीकडून चेपला. पानाचं टोक धारेच्या दगडावर घासून गोल केलं, म्हणजे कातडीत टोचणार नाही. कापता कापता पान मिटून बोटांवर येऊ नये म्हणून तारेचं एक कडं केलं, ते मुठीवर सरकवलं की पान उघडंच राहायचं.

एवढं सगळं दीड दिवसात झालं. बाजा विणणाऱ्याचे हात, त्यांना असलं काम म्हणजे खेळ. इथंच तो उठला असता आणि बायकोपुढे जाऊन बसला असता, तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

पण तो उठला नाही.

आधी म्हणाला, दात जाड आहेत, भुगा जास्त पडेल, मग तुकडे जोडताना जुळणार नाहीत. मग रोज सकाळी दगडावर पाणी टाकून दातांच्या कडा घासत बसायचा. मग तीज आली. तांड्यातल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नाचतात, गाणी म्हणतात. आणि जुनी गाणी अख्खी येणारी रामीबाई एकटी. ती म्हणाली, पोरींच्या सणात उघडा दंड घेऊन कशी बसू, तीज होऊ द्या. खेमसिंग लगेच म्हणाला, "होऊ दे." इतका लगेच, की तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. ती सुजलेला हात उशीवर ठेवून गायली. पोरींना वाटलं आजीचा आवाज थकल्यामुळे कापतो.

तीज झाली. खेमसिंगनं आरी बकरीच्या जुन्या शिंगावर चालवून पाहिली, लोण्यासारखी चालली. पाण्याच्या नळीच्या तुकड्यावर पाहिली, तिथंही. "आजून थोडी," तो म्हणाला. संजय जीप पुसत होता, तो फडकं टाकून आला.

"बा, दोन घंट्याचं काम हाये."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले आरीतलं नाई समजत. पन याडीच्या हाताचा वास येऊन राह्यला. थे मले समजते."

खेमसिंगनं दगडावर पाणी टाकलं. पोळा तोंडावर आला होता. पोळा होऊ दे, तो म्हणाला. बैल त्याच्याकडे एकही नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दुपारी रामीबाई त्याच्याजवळ येऊन बसली. तो दातांवर दगड फिरवत होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"अजी, तुमाले भेव लागते," ती म्हणाली.

"कायचं?"

"मराचं."

दगड थांबला. पन्नास वर्षांत त्यानं ह्या बाईपासून एक रुपया लपवला नव्हता, लपला नव्हता म्हणा. आता हे तरी कुठून लपायचं? बलिया पडल्या की आपण जाणार. डोक्याला हसू येत होतं, पण पोटाला येत नव्हतं. तिची हौस म्हणून, सण म्हणून, दातांची कड म्हणून तो महिनाभर आपला जीव वाचवत बसला होता, आणि तिचा हात काळा पडत होता.

"मले बी लागते," रामीबाई म्हणाली. "तुमच्या मराचं. माह्या मराचं तितकं नाई. पन हाताले आता थांबनं होत नाई. उद्या पोळा होऊ द्या, परवा बसा."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत होती. खेमसिंगनं पुढचं दार लोटून घेतलं आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या सावलीत बाज टाकली. रामीबाई बाजेवर बसली, डावा हात त्याच्या मांडीवरच्या उशीवर. लालीबाई उंबऱ्यात पाठ करून बसली. बघणार नाही म्हणाली, पण गेली नाही. जया कोमट पाणी घेऊन उभी.

एका बलीला दोन ठिकाणी कापायची, म्हणजे दोन तुकडे होऊन निघेल. त्यानं डब्याचा पत्रा कापून, कडा घासून एक पट्टी केली होती. ती बलीखाली सरकवायची आणि वरून आरी चालवायची. खालच्या तीन सोप्या गेल्या. पांढरा भुगा त्याच्या धोतरावर पडत राहिला. शेवटच्या धाग्याएवढं उरलं की तो श्वास धरायचा, आरी हळूच दोनदा फिरवायचा आणि तुकडा आपोआप हातात यायचा. आवाज नाही. तुकडा तो पुसायचा आणि बाजूच्या बिस्किटाच्या डब्यात, फडक्यावर ठेवायचा.

चौथीला पट्टी आत जाईना. तिथं बली दिसतच नव्हती, दोन बाजूंनी मांस येऊन वर मिटलं होतं. त्यानं अंगठ्यानं मांस दाबलं. जे बाहेर आलं ते जयानं पुसलं आणि तोंड फिरवलं.

"दुखते का वं?"

"दुखाचं गेलं आता," रामीबाई म्हणाली. "तुमी आपलं विना."

म्हणजे तो बाज विणतोय असंच तिनं धरलं होतं. तो विणत गेला. चौथी, पाचवी, सहावी. ऊन पत्र्यावर चढलं. सातवीपासून शिंगाच्या. त्या सावकाश कापत, त्यांचा जळक्या केसांसारखा वास येई. सातवी झाली, आठवी झाली. रामीबाईचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. गाणं असेल नाहीतर मोजणं.

नववी काखेजवळची, सगळ्यांत जुनी. एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला निम्मं कापून झालं आणि खेमसिंगच्या लक्षात आलं की शिंगात आधीचीच एक चीर आहे. आजेसासूच्या काळातली असेल. त्यानं आरी उचलली. तेवढ्यात सुजलेला दंड आतून दाबत होता त्यानंच असेल, बली आपली आपण गेली.

टक.

लहानसा आवाज. पण त्या अंगणात त्या वेळी कोंबडीसुद्धा हलत नव्हती. उंबऱ्यात लालीबाईची पाठ ताठ झाली. रामीबाईनं डोळे उघडले.

"काय झालं?"

"बोटं मोडली," खेमसिंग म्हणाला. "आखडलीत."

आणि त्यानं खरंच उजव्या हाताची बोटं दुसऱ्या हातात धरून एक मोडलं.

रामीबाईनं त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "मोडा," ती म्हणाली. "दमले तुमचे हात." आणि पुन्हा डोळे मिटले.

त्या दिवशी हाताला वारा लागला आणि ती दोन घंटे झोपली. नऊ पांढरे पट्टे दंडावर, उन्हानं पन्नास वर्षांत न पाहिलेले, आणि त्यांच्यामधून लाल-काळं. संजयनं तिला तसंच जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं, खेमसिंगही बरोबर गेला. डॉक्टरणीनं पाहिलं आणि फक्त विचारलं, "एवढे दिवस?" संजय बापाकडे बघणार होता, पण त्यानं बघितलं नाही. ते न बघणं खेमसिंगला जन्मभर पुरेल एवढं होतं.

तिला दाखल केलं, संजय तिथं थांबला, आणि तांड्यात परतलेला खेमसिंग त्या दिवसांत मरायची तयारी करत होता. बोटं मोडली म्हणून बायकोला सांगितलं, पण ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलंच असेल, असं त्याला वाटायचं. त्यानं घेतलेल्या दोन बाजा घाईघाईनं विणून पोचत्या केल्या. बकरी कोणाला द्यायची ते जयाला सांगितलं. छातीत वारा अडकला तरी तो बाजेवर नीट पाय लांब करून पडायचा, उगाच वाकडं सापडू नये म्हणून. सकाळी डोळे उघडायचे आणि त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं.

नवव्या दिवशी संजयचा फोन आला. ताप उतरत नव्हता, विष रक्तात गेलं होतं. रामीबाई पहाटेच गेली.

जीप आली तेव्हा तांडा दारात जमला होता. बायांनी तिला आत घेतलं. अंघोळ घातली, नवी कांचळी चढवली, घुगरी बांधली. सवाशीण चालली होती, सगळं नवरीसारखं करायचं. उजव्या दंडावर चुडा होता तसा पांढरा. डावा दंड उघडा, आणि आता आधीपेक्षाही सुजलेला. तिथं येऊन हात थांबले. एक बाई हळूच म्हणाली, "येक हात सवाशिणीचा, येक रांडकीचा. न्याव कसं?"

खेमसिंग आत आला. बायांच्या घोळक्यात पुरुष येत नाही, पण कोणी त्याला अडवलं नाही. त्याच्या हातात बिस्किटाचा डबा होता. तो तिच्या डाव्या बाजूला बसला, तुकडे फडक्यावर ओळीनं मांडले, नऊ बलियांचे अठरा. मग खिशातून चाकू काढला, तारेचं कडं सरकवलं आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांजवळ आरीनं एकेक बारीक खाच पाडायला बसला, दोरा निसटू नये म्हणून. छत्तीस खाचा. रडणाऱ्या बायाही थांबल्या. घरात फक्त आरीचा खरखर आवाज.

रामीबाईच्या शिवणाच्या टोपलीतला लाल दोरा जयानं आणून दिला. खेमसिंग खालून बांधत चढला. दंड इतका सुजला होता की तुकडे एकमेकांना पोचत नव्हते. दोन्ही बाजूंना बोट बोट जागा उरायची. ती जागा तो दोऱ्यानं विणून भरायचा, बाजेचा तुटलेला पट्टा भरतात तशी. पांढरं, लाल, पांढरं, लाल. गाठी आयुष्यभराच्या होत्या, त्या बरोबर बसत गेल्या.

दंड कोणीतरी उचलून धरायला हवा होता. लालीबाई पुढे आली. आपल्या दोन्ही उघड्या हातांनी तिनं तो दंड धरला. बायांमध्ये थोडी चुळबुळ झाली.

"काय पायता?" लालीबाई म्हणाली. "उतरवत नाई मी. चढवून राह्यली."

नववी बली आली. तिच्या एका टोकाला खाच आणि कापलेली गुळगुळीत कड. दुसऱ्या टोकाला कड वाकडीतिकडी, दाताळ. खेमसिंगनं ती बाजू तळहातात झाकून घ्यायचा प्रयत्न केला. लालीबाईनं पाहिलं होतं.

"हे कापली नाई," ती अगदी हळू, त्याच्यापुरतं म्हणाली.

"नाई. फुटली." त्यानं तळहात बाजूला केला. "तिले म्या सांगतलं, बोटं मोडली म्हनून."

"तिनं सांगतलं मले. त्याच संध्याकाळी, जीपमंधी बसाच्या आंदी." लालीबाईनं दंड थोडा वर उचलला, त्याला दोरा ओवायला सोपं जावं म्हणून. "म्हने, बाई, यायच्या बोटायचा आवाज पन्नास वर्सं आयकून राह्यली मी, मले समजत नाई का? पन बोलली नाई. म्हने, येवडा वेळ लावून बसले, तेवडं त राहू देवं यायचं."

खेमसिंगचा दोरा हातातच राहिला.

"आजून काय म्हने?"

"म्हने, आता मलेच घाई कराव लागन."

त्यानं शेवटची गाठ मारली. फुटलेल्या बाजूला दोरा भरावा लागलाच, पण त्या दोन दाताळ कडा समोरासमोर धरल्या तर दात दातात बसले असते. फुटलेल्या भागातलं आरीनं काहीच खाल्लं नव्हतं. उरलेला दोरा कापायला त्यानं आरी उचलली. आरीनं दोरा तुटेना, नुसता विंचरला गेला. लालीबाईनं वाकून तो दातानं तोडला.

दोन्ही हात सवाशिणीचे करून रामीबाई गेली.

खेमसिंग अजून आहे. अजून बाजा विणतो. जुनी पाती कोनाड्यात तशीच पडून आहे; संजय दोनदा म्हणाला, बसवून देतो, दोन्ही वेळा तो दोरी भिजवायला उठला. आरीच्याच चाकूनं दोरी कापतो आणि दोरीची टोकं पिंजारतात, झाडूसारखी. मागच्या महिन्यात वामनरावांकडे नवी बाज विणून झाली. वामनराव मोठे शेतकरी, त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी पायाशी लोंबणारी टोकं चिमटीत धरली.

"खेमसिंग, आंदी असे सूत सोडत नव्हता तू. चाकू गेला का?"

"हाये ना," खेमसिंग म्हणाला.

"मंग धार नाई का त्याले?"

खेमसिंगनं तारेचं कडं मागे सरकवलं, पान मिटलं, चाकू खिशात टाकला आणि उरलेला दोरीचा गुंडा गुंडाळायला लागला.